नाव पुसलेली नौका कशी वाचायची?

आपल्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सा आली की बहुतेकांच्या कपाळावर आठी पडते. हस्तलिखितं, पाठभेद, प्रक्षेप, नकलाकार असे सगळे शब्दच जड. पण त्यांच्यामागचा प्रश्न अगदी साधा आहे. हातात एक जुनी पोथी आली. पहिलं पान फाटलेलं, शेवटचं हरवलेलं. ती कोणी रचली, कुठे लिहिली गेली, कोणत्या प्रतीवरून उतरवली आणि मधल्या काळात तिच्यात कोणी काय घातलं, हे ठरवायचं कसं?

या लेखात मी हाच प्रश्न पोथीऐवजी एका लाकडी नौकेला विचारणार आहे. शिडाच्या जुन्या लाकडी नौका, म्हणजे ज्यांना आपण यॉट म्हणतो त्या, जपणारी माणसं जगभर आहेत. या नौकांचं आयुष्य माणसापेक्षा मोठं असतं. मालक बदलतो तसं नाव बदलतं, बंदर बदलतं, कधी देशही बदलतो. कागद हरवतात. मग एखाद्या खाडीत ताडपत्रीखाली पडलेली नौका कोणीतरी विकत घेतो आणि विचारतो, "ही मुळात कोण?" हा शोध घेण्याची एक पद्धत आहे आणि ती आपल्या पाठचिकित्सेच्या फार जवळची आहे.

उदाहरण मी मुद्दाम असं निवडलं आहे की ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. गणिताच्या पुस्तकात जसं मागच्या पानावर उत्तर असतं आणि आपण रीत पडताळून बघतो, तसं. शिवाय ही नौका आपल्या लोकांच्या ओळखीची असायला हवी आणि फारशी नाही, हेही एक कारण.

आधी उत्तर

नौकेचं नाव सुहैली. लांबी सुमारे 32 फूट, रुंदी सुमारे 11 फूट. दोन डोलकाठ्या, पुढची उंच आणि मागची बुटकी. अशा मांडणीला केच म्हणतात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज खलाशी अधिकारी तिच्यातून 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून निघाला आणि 22 एप्रिल 1969 रोजी तिथेच परत आला. 312 दिवस, एकटा, मध्ये कुठेही न थांबता, पृथ्वीला फेरी मारून. असं करणारा तो पहिला माणूस. 'संडे टाइम्स'ने जाहीर केलेल्या त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते आणि पूर्ण केली ती फक्त त्याने.

ही नौका बांधली गेली मुंबईत, कुलाब्याला. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर होता आणि मुंबई हा त्याचा तळ होता. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडहून आराखडे मागवले. हाती आले ते जुन्या वळणाचे होते. पण वेळ थोडा होता, म्हणून त्यांनी तेच वापरायचं ठरवलं. लाकूड सागवान. काम कुलाब्याच्या सुतारांनी हाताच्या हत्यारांनी केलं. 1964 च्या अखेरीस आपल्याकडच्या रीतीप्रमाणे नारळ फोडून ती पाण्यात उतरवली गेली.

आता हे सगळं विसरू या. समजा, सुहैलीचं नाव पुसलं गेलं, कागद जळाले, ओळखणारी माणसं उरली नाहीत आणि शंभर वर्षांनी ती कुठल्याशा किनाऱ्यावर कलंडलेली सापडली. तिचं मूळ आपण कसं शोधू?

आकार घराणं सांगतो, घर नाही

पहिलं काम मोजमाप. नौका सरळ उभी करून तिची आडवी छेदचित्रं काढायची. ठरावीक अंतरावर ओळंबा सोडून बाहेरच्या बाजूची वळणं कागदावर उतरवायची. यात एक अडचण असते. जुन्या लाकडी नौकेची दोन्ही टोकं वर्षानुवर्षं खाली झुकत जातात आणि मधला भाग वर फुगतो. म्हणून मिळालेली रेषा जशीच्या तशी मूळ मानायची नाही, ती म्हातारपणाची रेषा आहे. फळ्यांची जाडीही मोजायची आणि पूर्ण आकडा इंचांत येतो की मिलिमीटरमध्ये, ते बघायचं. सुताराच्या हातात कोणती पट्टी होती ते त्यावरून कळतं.

सुहैलीचा आकार बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल की तिची दोन्ही टोकं निमुळती आहेत. बहुतेक यॉटची मागची बाजू सपाट कापल्यासारखी असते, तशी हिची नाही. लांबीच्या मानाने ती रुंदही बरीच आहे. साधारण एकास तीन. हे वळण जाणकाराला थेट नॉर्वेला घेऊन जातं.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर वाटाड्यांच्या नौका असत. मोठं जहाज क्षितिजावर दिसलं की त्याला खडकांतून वाट दाखवायला हे वाटाडे निघत. जो आधी पोचेल त्याला काम. म्हणून वादळातही निघावंच लागे. लार्विक गावच्या कॉलिन आर्चर या नौकाकाराने (1832–1921) त्या नौका अभ्यासून सुधारल्या. त्याचे आईवडील स्कॉटलंडहून तिथे स्थायिक झाले होते. ध्रुवप्रदेशात गेलेलं नान्सेनचं 'फ्राम' हे जहाजही त्याचंच. पुढे नॉर्वेच्या सागरी बचाव संस्थेसाठी त्याने जीवरक्षक नौका काढली. 1893 साली बांधलेल्या पहिल्या नौकेला त्याचंच नाव दिलं गेलं. दोन्ही टोकं निमुळती ठेवण्यामागे हिशेब होता. मागून येणारी लाट सपाट पाठीवर आदळते, निमुळत्या पाठीवर ती दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते.

1920 च्या दशकात विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आराखडाकाराने आर्चरची सुमारे 47 फुटी जीवरक्षक नौका 32 फुटांत बसवली. त्या आराखड्याचं नाव 'एरिक'. सुहैली ही या एरिकची मुलगी.

पण इथे थांबलं तर फसगत होईल. एरिकचा आराखडा विकत मिळायचा. ज्याला हवा त्याने घ्यावा आणि जमेल तिथे बांधावा. त्यावरून अनेक देशांत नौका झाल्या. पुढे याच वळणावरून फायबरग्लासच्या वेस्टसेल 32 नावाच्या नौका कारखान्यात तयार झाल्या. म्हणजे आकार फार तर घराणं सांगतो. गाण्यात जसं आलाप ऐकून घराणं ओळखता येतं, पण गवई कोण ते त्यावरून लगेच सांगता येत नाही, तसंच.

फरक कुठे आहे तेही नोंदवायला हवं. मूळ एरिकची शिडं जुन्या गाफ पद्धतीची, चौकोनी होती. सुहैलीची त्रिकोणी. मूळ संहितेपासून प्रत जिथे ढळते तिथे नकलाकार आपला चेहरा दाखवतो. पाठचिकित्सेतलं हे सूत्र इथेही लागू पडतं.

लाकूड प्रदेश सांगतं, पण अर्धवट

दुसरा साक्षीदार लाकूड. प्रत्येक किनाऱ्याचं आपलं लाकूड असतं. इंग्लंडमध्ये ओक आणि एल्म, स्कँडिनेव्हियात पाइन, न्यूझीलंडमध्ये काउरी, टास्मानियात ह्युऑन पाइन. नौकेच्या कण्याला कोकणात पठाण म्हणतात. हा पठाण, आतल्या बरगड्या आणि बाहेरच्या फळ्या कशाच्या आहेत हे वेगवेगळं पाहावं लागतं, कारण तीन ठिकाणी तीन लाकडं असू शकतात. रंगावर जाऊ नये. जुनं लाकूड काळंच पडतं. काडीएवढा तुकडा घेऊन त्याचा आडवा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की नळ्यांची मांडणी दिसते आणि जात कळते.

सुहैलीत दिसेल सागवान. सागात नैसर्गिक तेल असतं, तो सहसा कुजत नाही आणि त्यात लोखंडी खिळा ओकइतक्या लवकर खात नाही. आता कोणी म्हणेल, साग म्हणजे भारत, झालं काम! तसं नाही. साग म्यानमारमध्येही होतो आणि साग हे व्यापाराचं लाकूड आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या उत्तमोत्तम यॉटच्या फळ्या सागाच्या आहेत, ज्या गावात सागाचं एकही झाड नाही तिथे बांधलेल्या. म्हणून प्रश्न 'साग आहे का' असा नसतो, 'साग कुठे कुठे आहे' असा असतो. जिथे साग महाग, तिथे तो फक्त दिसणाऱ्या जागी वापरतात. आतल्या, न दिसणाऱ्या भागातही साग सढळ हाताने वापरला असेल तर बांधणारा सागाच्या बाजाराजवळ बसला होता, असं म्हणायला आधार मिळतो.

झाडाच्या वर्तुळांवरून वय काढता येतं का? येतं, पण त्यासाठी तुकड्यात पुरेशी वर्तुळं लागतात आणि त्या प्रदेशातल्या झाडांचा वर्तुळांचा तक्ता आधी तयार असावा लागतो. शिवाय सालीलगतचं कच्चं लाकूड लवकर कुजतं म्हणून चांगला सुतार ते तासून टाकतो. त्याबरोबर शेवटची वर्तुळंही जातात. मग आपल्याला कळतं ते एवढंच की झाड अमुक वर्षाच्या आधी तोडलेलं नाही. ग्रंथात एखाद्या घटनेचा उल्लेख सापडला तर तो ग्रंथ त्या घटनेनंतरचा, एवढंच म्हणता येतं. तितकाच हा पुरावा.

हाताच्या खुणा

मला सगळ्यात आवडतो तो तिसरा साक्षीदार, म्हणजे हत्यार. गोल पात्याची यंत्रकरवत लाकडावर कमानीसारख्या रेघा सोडते. पट्ट्याची करवत सरळ, समांतर, एकसारख्या रेघा सोडते. हाताच्या करवतीच्या रेघांना कल असतो आणि तो मध्येच बदलतो, कारण माणूस दमतो, पाय बदलतो. वाकसाने तासलेल्या लाकडावर उथळ खळगे दिसतात, ओल्या वाळूवर बोटं टेकवल्यासारखे. बाहेरून रंधा फिरतो आणि हे सगळं पुसलं जातं. म्हणून शोधायचं ते आत, जमिनीच्या फळ्यांखाली, कपाटाच्या मागे, जिथे रंधा मारायची कोणाला गरज वाटली नाही.

सुहैली बांधताना कुलाब्याच्या सुतारांनी वाकस वापरला आणि भोकं पाडायला कमानीचा सामता. कमानीची दोरी सामत्याला गुंडाळायची आणि कमान मागे-पुढे ओढायची, की सामता फिरतो. 1960 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या यॉटच्या कारखान्यांत विजेवर चालणारी हत्यारं सर्रास होती. त्यामुळे अमेरिकन आराखडा, नॉर्वेजियन वळण, आतून-बाहेरून साग आणि त्यावर वाकसाचे खळगे, या चार गोष्टी एकत्र आल्या की वर्तुळ लहान होत होत अरबी समुद्राच्या काठावर येऊन ठेपतं. यातली कुठलीही एक गोष्ट एकटी पुरेशी नाही, चारही मिळून बोलतात.

हे मला पटायला एक घरगुती कारणही आहे. माझे आजोबा सुतार होते. आमच्या चर्चमधले काही बाक त्यांनी केलेले आहेत आणि काही दुसऱ्या कोणी. बाकांवर नाव नाही. असतात ती देणगी देणाऱ्यांची. पण माझी आजी बाकाखाली हात घालून सांध्यावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "हा त्यांचा." आजोबा सांध्याच्या आतली कड किंचित मारून ठेवायचे. का, ते तिलाही माहीत नव्हतं. हस्ताक्षर म्हणजे दुसरं काय असतं?

नाव सगळ्यात कच्चा पुरावा

तुम्हाला वाटेल, मी नाव आणि कागद शेवटी का आणले? कारण नौकेच्या बाबतीत नाव सहज बदलतं आणि त्याने सहज दिशाभूल होते.

समजा, आपल्या त्या सापडलेल्या नौकेवर रंगाच्या थरांखाली 'सुहैली' ही अक्षरं निघाली. एखादा हुशार संशोधक म्हणेल, लक्षद्वीपमध्ये सुहेली पार नावाचं बेट आहे, तेव्हा नौका तिथली. दुसरा म्हणेल, अरबीत सुहैल म्हणजे आपला अगस्त्य तारा, तेव्हा नौका अरबांची. प्रत्यक्षात आखातातले अरब खलाशी एका वाऱ्याला सुहैली म्हणतात आणि त्या भागात जहाजावर काम केलेल्या इंग्रजाने ते नाव मुंबईत बांधलेल्या नौकेला दिलं. नाव मालकाचा प्रवास सांगतं, नौकेचा जन्म नाही.

म्हणून नावापेक्षा अंक बरे. ब्रिटिश नोंदणी झालेल्या जहाजाचा अधिकृत क्रमांक आणि टनभार मुख्य आडव्या तुळईवर कोरायची कायदेशीर रीत होती. नाव बदललं तरी हा क्रमांक बदलत नाही. तो मिळाला की नोंदवही उघडता येते. यॉटसाठी 'लॉइड्स रजिस्टर ऑफ यॉट्स' हा वार्षिक ग्रंथ 1878 पासून 1980 पर्यंत निघत होता. त्यात नौकेचं नाव, आधीची नावं, मापं, आराखडाकार, बांधणारा कारखाना, वर्ष, मालक, अगदी शिडं कोणी शिवली तेही छापलेलं असे. एकेका वर्षाचा खंड घेऊन मागे मागे जात राहायचं. एखाद्या वर्षी नौका गायब झाली तर तेवढ्याच मापाची, त्याच वर्षी बांधलेली दुसऱ्या नावाची नौका पुढच्या खंडात शोधायची.

कारखान्याच्या खुणाही असतात. स्कॉटलंडमधल्या फेअरली गावच्या विल्यम फाइफच्या नौका त्यांच्या बाजूवर पुढे कोरलेल्या ड्रॅगनमुळे ओळखल्या जातात. पण ड्रॅगन कोरायला हात आणि छिन्नी पुरते. हौशी मालकाने नंतर कोरला असेल तर? म्हणून खूण जितकी दर्शनी, तितका तिच्यावर विश्वास कमी ठेवायचा. कवीच्या नावाची मुद्रा शेवटच्या ओळीत असली म्हणजे अभंग त्याचाच, असं आपण तरी कुठे मानतो?

दुरुस्ती म्हणजे पाठभेद

लाकडी नौका सतत दुरुस्त होत असते. मग किती फळ्या बदलल्यावर ती 'ती' राहत नाही?

या प्रश्नाचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जोशुआ स्लोकमची 'स्प्रे'. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. तो 1895 साली निघाला आणि 1898 साली परतला, वाटेत थांबत थांबत. त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला एका जुन्या कप्तानाने ही नौका देऊ केली, तेव्हा ती एका शेतात टेकू लावून उभी होती. तिचं मूळ कोणालाच धड माहीत नव्हतं. कालवं गोळा करणारी डेलावेअरकडची होडी असावी, असा एक समज होता. तिची वळणं उत्तर समुद्रातल्या मासेमारी नौकांची, असाही एक. स्लोकमने तेरा महिने खपून आणि 553 डॉलर 62 सेंट खर्चून पठाणापासून फळ्यांपर्यंत सगळं बदललं. हा बदल इतका हळूहळू झाला की जुनी कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला त्याची फिकीरही नव्हती. पण मूळ शोधणाऱ्याला असते. जुनं लाकूड गेलं तसे जुने साक्षीदारही गेले. राहिला तो फक्त आकार आणि समज.

आता याच्या शेजारी एकनाथांना ठेवून पाहा. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि आपण हे काम केलं याची नोंद शकासकट मागे ठेवली. दुरुस्ती केली पण दुरुस्तीची जागा लपवली नाही. आज लाकडी नौका जपणारे चांगले कारागीर हेच करतात. नवा तुकडा बसवला की त्यावर वर्ष कोरतात किंवा डाग देतात, म्हणजे पुढच्याची गल्लत होत नाही.

कधी दुरुस्ती हीच ओळख बनते. 1968 च्या प्रवासात केप व्हर्दे बेटांच्या पुढे सुहैलीत पाणी शिरू लागलं. पठाणाला लागून असलेल्या फळीची फट उघडत होती. नॉक्स-जॉन्स्टनने समुद्राच्या मध्यावर पाण्याखाली बुडी मारून त्या फटीवर कापूस आणि कॅनव्हासची पट्टी ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा मारला. असा पत्रा, ठोकताना वाकलेले चुकार खिळे, त्यांची भोकं एखाद्या संशोधकाला सापडली तर त्याला कळेल की हे काम कारखान्यात झालेलं नाही. हे श्वास कोंडून केलेलं काम आहे. चांगला चिकित्सक नंतरचा पाठ खरवडून टाकत नाही. तो कोणत्या काळातला, तेवढं नोंदवतो.

उलट गोष्टही घडते. 1997 साली सुहैली ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात मानाने ठेवली गेली. तिथल्या नियंत्रित, कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. शेवटी 2002 साली नॉक्स-जॉन्स्टनने तिला बाहेर काढलं आणि नंतर पुन्हा पाण्यात नेलं. नौकेचं हस्तलिखित ओलं ठेवावं लागतं.

गोव्यातली बहीण

आपली रीत खरोखर चालते का, हे तपासायला एक जुळी नौकाही आहे. 2018 साली जुन्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी ती पुन्हा भरवली गेली. त्यासाठी कमांडर अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' ही लाकडी नौका सुहैलीची प्रतिकृती म्हणून बांधली गेली, ती गोव्यात, अक्वेरियस शिपयार्डमध्ये. याच शिपयार्डने त्याआधी दिवाडी बेटावर 'म्हादेई' बांधली होती. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009–10 मध्ये भारतीयाने केलेली पहिली एकट्याची सागरप्रदक्षिणा पूर्ण केली. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांत नॉक्स-जॉन्स्टनही होते. म्हणजे मुंबईत सुरू झालेली गोष्ट फिरून कोकण किनाऱ्यावरच आली.

सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने थुरियाच्या डोलकाठ्या मोडल्या. जखमी टॉमींना वाचवलं गेलं, नौका तिथेच सोडावी लागली.

आता विचार करा. कधी काळी ती नौका कुठल्या किनाऱ्याला लागली, नाव गेलेलं, डोलकाठ्या गेलेल्या, तर मोजणारा काय म्हणेल? आकार एरिकचा, लांबी 32 फूट, काम अरबी समुद्राच्या काठावरचं. तो खुशाल म्हणेल, ही सुहैली! आकाराच्या पुराव्याने दोघी एकच ठरतील. त्यांना वेगळं करील ते चिकट द्रव्य, खिळ्याचा धातू, यंत्राच्या करवतीची रेघ. पन्नास वर्षांचं अंतर आराखड्यात दिसणार नाही, ते हाताच्या खुणेत दिसेल.

नसलेला रकाना

इथवर आल्यावर मला जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणते. जुन्या नौकेला एक मूळ नसतं. निदान तीन असतात. रेषेचं मूळ, लाकडाचं मूळ आणि हाताचं मूळ. सुहैलीची रेषा नॉर्वेची, अमेरिकेमार्गे आलेली. लाकूड साग. हात कुलाब्याचे. नाव अरबी आणि निशाण ब्रिटिश, पण ती दोन्ही वरची पुटं.

या तिन्हींपैकी रेषेची नोंद सगळ्यात चांगली होते. आर्चरचं नाव आहे, अ‍ॅटकिनचं आहे. नोंदवहीत आराखडाकाराला रकाना आहे, कारखान्याला आहे, मालकाला आहे, शिडं शिवणाऱ्यालाही आहे. ज्याने फळी वाकवून बरगडीला टेकवली त्या सुताराला रकाना नाही. म्हणून सुहैलीच्या वंशावळीत तिला जगाभोवती तरंगत ठेवणाऱ्या सांध्यांचे कर्ते सापडत नाहीत. 'मुंबईत बांधली' एवढ्या दोन शब्दांत ते मावतात.

मुंबईच्या गोदीची एक जुनी आख्यायिका आहे. जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी जहाजबांधणाऱ्यांनी 1800 साली 'कॉर्नवॉलिस' हे जहाज बांधलं. त्यांनी म्हणे पठाणावरच्या आतल्या तुळईवर गुपचूप कोरून ठेवलं, की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं आहे, आणि तेही गोरे लोक जी शिवी जोडून बोलत त्या शिवीसकट. पुढे अनेक वर्षांनी जहाज दुरुस्तीला आलं तेव्हा त्यांनी ते दाखवलं. आख्यायिका म्हणूनच घ्या. पण सही कुठे केली ते बघा. दर्शनी भागावर नाही, जिथे फक्त जहाज उघडणाऱ्याची नजर जाईल तिथे. वाडियांच्या सागवानी कामाला काळानेही दाद दिली. त्यांच्या गोदीतून 1817 साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगत आहे. पण वाडिया गोदीचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली वाकस चालवणाऱ्यांना कोरायला तुळई मिळाली नाही. त्यांनी कोरले ते खळगे.

आपण साहित्याचे विद्यार्थी ओव्यांचा कर्ता शोधतो, जात्यावर बसून त्या पुढे नेणाऱ्या बायकांची नावं कुठे असतात? तरी ओवीच्या वळणात, एखाद्या गावाच्या शब्दात त्या सापडतात. नौकेचं वाचनही असंच आहे. नाव मिळेलच असं नाही. पण इथे एक माणूस होता, तो डावरा होता, त्याची करवत बोथट झाली होती, त्याने न दिसणारा सांधाही नीट केला, एवढं लाकूड सांगू शकतं. ते वाचायचं राहून गेलं की तो माणूस दुसऱ्यांदा हरवतो.

करून पाहा

मंडळाच्या सभासदांसाठी एक छोटा अभ्यास देते. गटाने करा.

1. जवळच्या जेटीवर, खाडीत किंवा घराच्या माळ्यावर जुनी लाकडी वस्तू शोधा. होडी नसेल तर पेटारा, पाळणा, दार, काहीही चालेल.

2. मालकाला काही विचारायच्या आधी दहा नोंदी करा. मापं, लाकडांचे प्रकार, खिळ्यांचा धातू, करवतीच्या रेघा, दुरुस्तीच्या जागा. प्रत्येक नोंदीपुढे लिहा, की हा पुरावा रेषेचा, लाकडाचा की हाताचा.

3. मग मालकाची गोष्ट ऐका. ती कुठे नोंदींशी जुळते आणि कुठे नाही ते वेगळ्या शाईने लिहा. न जुळणारी जागा खोडू नका, बहुतेक वेळा खरी माहिती तिथेच असते.

4. शेवटी विचारा, "हे कोणी केलं?" नाव मिळालं तर तारखेसकट लिहून ठेवा. आजीला विचारा, आजोबांना विचारा, गावात अजून वाकस धरणारा कोणी असेल तर त्याला विचारा. हा रकाना आपल्याआधी कोणी भरलेला नाही, आणि तो भरू शकणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत.